मुद्दा सातवा

कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
वर ताडपत्री, तिची दोरी विजेच्या खांबाला.
एकोणीस वर्षं मी इथे दुसऱ्यांच्या वतीने लिहितो :
मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की.
मशीनचा ळ बिघडलाय, अर्धी ओळ वर उडतो.
काळे आडनावाचे पक्षकार कुरकुरतात,
बाकी कुणाच्या लक्षात येत नाही.

आज कोर्ट सुटल्यावर दोंदे वकीलबाई आल्या,
पांढरा बँड पर्समध्ये कोंबलेला.
प्रभागातून उभ्या आहेत.
"छापखानेवाले सगळं गुळगुळीत करून देतात, तांबोळी.
तुम्ही टाइप करा. कोर्टाच्या कागदासारखं दिसू दे,
उद्या कुणी माझ्यासमोर धरलं
तर मला नाकारता येऊ नये."

मी कार्बन घातला.
त्या येरझाऱ्या घालत बोलत गेल्या,
स्वतःचीच उलटतपासणी घेतल्यासारख्या.

इंदिरानगरचा बोगदा. दिवे आहेत, हो,
पण सातला लागतात आणि अंधार साडेसहाला पडतो.
तेवढ्यात दोन महिन्यांत चार मंगळसूत्रं गेली.
त्यातली एक माझी पक्षकार,
अजून पदर गळ्याशी मुठीत धरून बोलते.
"फार नको. अर्धा तास, एवढंच लिहा."

मग नदी. निळी रेषा म्हणजे निळी रेषा.
दुतोंड्याच्या गळ्याला पाणी लागलं त्या साली
त्यांच्या सख्ख्या भावाच्या दुकानातून
फ्रीज तरंगत गेला होता, आख्ख्या पंचवटीने बघितला.
भाऊ तिथेच आहे. आता दुमजली.
मी मान वर केली.
"लिहा. त्याला आधीच सांगितलंय.
राखी पोस्टाने परत आली."

बिबट्यापाशी अडल्या.
पाथर्डीकडे एका जिन्यात निघाला, लोकांना आश्वासन हवंय.
"बिबट्याला नोटीस बजावता येत नाही,
मोबाइल घेऊन मागे धावणाऱ्या पोरांना येते."
हसल्या. मग म्हणाल्या, हसलेलं लिहू नका.

सातव्या मुद्द्याला त्या थांबल्या नाहीत.
थांबतील असं मला वाटलं होतं.
"सर्व फूटपाथ चालणाऱ्यांसाठी मोकळे. अपवाद नाही."

ज्युनिअर होत्या, हातात केस नव्हती,
तेव्हा याच टेबलाच्या कोपऱ्यावर डबा खायच्या.
गवारीची भाजी, आणि लोणचं आमच्या घरचं.

टाइप केलं.
मोकळेमधला ळ उडाला वर.

चष्मा लावून वाचलं त्यांनी. दोनदा.
"तुमचं टेबल," एवढंच म्हणाल्या.
मी म्हटलं, मागच्या जुलैत एक आंधळे गृहस्थ
माझ्यामुळे रस्त्यावर उतरले,
रिक्षाचा आरसा लागला कोपराला.
तेव्हापासून पाय आत घेऊन बसतो.

पाय. टेबल नाही.
हे त्यांच्याही लक्षात आलं असणार, वकील आहेत.

बराच वेळ ताडपत्रीकडे बघत राहिल्या.
"खाली एक ओळ घाला : आधी पर्यायी जागा, मग कारवाई."
घातली.
"ही दुसरी ओळ माझ्याच्याने पाळली जाईल
याची खात्री देत नाही, तांबोळी.
पहिली पाळेनच."

याला प्रामाणिक म्हणावं की आणखी काही,
एकोणीस वर्षं प्रतिज्ञापत्रं टाइप करूनही
मला ठरवता आलं नाही.

दोन पानं, साठ रुपये.
त्यांनी शंभर दिले, सुटे नव्हते.
चाळीस माझ्याकडे राहिले.
माझं मत त्याच प्रभागात आहे,
ते त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

दिवे लागल्यावर दोरी सोडली,
मशीनवर झाकण घातलं,
आणि कुणी बघत नाही असं पाहून
भिंतीपासून कडेपर्यंत फूटपाथ पावलांनी मोजला.
साडेचार पावलं.
त्यातली तीन माझी.